रात्रपाळीत पहाटेचं मनन कसं जमवायचं?

प्रश्न: जय ख्रिस्त. मी नर्स आहे. आमच्या मंडळीत पहाटेची प्रार्थना म्हणजेच खरी प्रार्थना. मी सकाळी आठनंतर घरी येते, शास्त्र उघडलं की डोळे मिटतात. त्यात ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झालाय. रात्रभर वॉर्डात पळायचं ते उपाशीपोटी?

उत्तर: पहाटेचा हट्ट सोडा, ताई. बायबलमधलं स्तोत्र 134 वाचा. तीनच वचनं, आणि ती रात्री परमेश्वराच्या घरात सेवेला उभे राहणाऱ्यांसाठीच आहेत! पाठ करा, ड्युटीला निघताना म्हणा. संत बेनेदिक्तनं मठांसाठी घालून दिलेल्या नियमानुसार मठवासी तर रात्री उठून स्तोत्रं म्हणत. सगळी 150 आठवड्यात पुरी करत. तुम्हाला एवढं कुणी सांगत नाही.

उत्तर: उपवासाचं स्पष्टच सांगतो. इंजेक्शनचे डोस मोजणाऱ्यानं उपाशी राहू नये. मटण सोडा, नाहीतर जेवताना मोबाइल. चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, तेवढी सूट आहेच. आणि मत्तयच्या शुभवर्तमानातल्या 6:17 प्रमाणे तोंड धुऊन, तेल लावून कामाला जा; स्टाफरूममध्ये गाजावाजा नको.

प्रश्नकर्ती: 134 आजच पाठ करते. मटण सोडलं. चहा मात्र कुणी सोडायला सांगू नका, पहाटे चारला तोच उभं ठेवतो.