मदत हवी आहे : निसर्गचित्रण शिबिराला सहा दिवस उरलेत, बॅगेतलं काय काढू?

निळीसावली :
येत्या शुक्रवारी पाच दिवसांच्या निसर्गचित्रण शिबिराला निघतेय. आयोजकांनी ‘आपापले साहित्य आणावे’ एवढंच कळवलंय. काल सगळं भरून वजन केलं तर १४ किलो! ईझल (चित्र टेकवायचा स्टँड) न्यायचं की नाही? ब्रश किती? एका यादीत दहा लिहिलेत, दुसरीत तीस. याद्या वाचून वाचून डोकं भणभणलंय. ज्यांनी खरंच बाहेर बसून चित्रं काढली आहेत त्यांनीच सांगा, आणि जरा लवकर सांगा.

पायवाट :
माध्यम कोणतं? मुक्कामापासून चित्राच्या जागेपर्यंत चालत जायचंय की गाडी आहे? प्रवास विमानाचा आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

तैलवेडा :
तैलरंग धरून सांगतो. ईझल घरी ठेवा आणि पोशाड बॉक्स, म्हणजे छोटी रंगपेटी घ्या. झाकणात बोर्ड अडकतो, खाली पॅलेट, कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर बसतो. बोर्ड ८×१० इंचांपेक्षा मोठे नकोत. रंग पाचच : अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो, कॅडमियम रेड. पांढऱ्याची ट्यूब मात्र मोठी, कारण बाहेर सगळ्यात आधी तीच संपते. ओली चित्रं परत आणायला खाचांचा डबा लागेल. विमान असेल तर टर्पेंटाइन (तैलरंग पातळ करायचं सॉल्व्हंट) घरीच ठेवा. ते साधारण ३५ अंशांना पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, त्यामुळे हातातल्या सामानात नाही आणि खाली देण्याच्या सामानातही चालत नाही. शिबिराच्या जागी सॉल्व्हंट मिळेल का ते आधीच विचारा.

निळीसावली :
माध्यम लिहायचं राहिलंच. जलरंग. विमान नाही. चालणं आहे, रोज साधारण दोन किलोमीटर, चढाचं. आता ईझलचं सांगा.

ओला_कागद :
जलरंगाला ईझल नकोच. बोर्ड मांडीवर, घडीचं स्टूल, झालं. मी वर्षानुवर्षं असंच करते.

पायवाट :
सगळ्यांना असं जमत नाही. मांडीवर बोर्ड घेऊन तीन तास मान खाली राहिली की दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. निळीसावली, पाठीचा किंवा गुडघ्याचा काही त्रास आहे का? उभं राहून काढायची सवय आहे का? तिकाटणं असेल तर त्याच्या मधल्या दांड्याला पिशवी लटकवून तिच्यात दगड घाला. वाऱ्यात बोर्ड शिडासारखा उडतो. माझं एक पूर्ण झालेलं चित्र असंच ओढ्यात गेलंय, म्हणून सांगतो.

तैलवेडा :
जलरंग बाहेर न्यायचा म्हणजे हवेच्या मर्जीवर राहायचं. उन्हात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, पसरायच्या आत सुकतो, धुक्यात तासभर सुकत नाही. खरं निसर्गचित्रण तैलरंगातच बहरलं, आणि त्याला कारण आहे. १८४१ मध्ये जॉन रँडने धातूच्या घडीच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयात बांधून न्यावे लागत. ट्यूब आली आणि चित्रकार मोकळेपणी बाहेर पडले.

ओला_कागद :
ट्यूब यायच्या कितीतरी आधी इंग्रज चित्रकार टर्नर जलरंग घेऊन डोंगरदऱ्यांतून हिंडत होता. सुक्या वड्या, वही, पाणी, एवढ्यावर. हवेच्या मर्जीचं म्हणाल तर उन्हात फवाऱ्याच्या बाटलीने कागद आधी मागून-पुढून भिजवून घ्यायचा, म्हणजे जास्त वेळ मिळतो. धुक्यात ओल्या कागदावर ओलाच रंग लावायचा. हवा जे देते ते घ्यायचं.

निळीसावली :
कृपया वाद नको. पाठीचा त्रास नाही. बसूनच काढते. कागद किती नेऊ? माझ्याकडे पूर्ण ताव आहेत, मोठा बोर्ड आहे, कागद भिजवून ताणायची गमटेप आहे. वजन त्याचंच आहे बहुतेक.

ओला_कागद :
मोठा बोर्ड काढा आधी! २२×३० इंचांच्या तावाचे चार तुकडे केले की ११×१५ चे होतात, आठ केले की साडेसात×११ चे. बाहेर एवढाच आकार दोन तासांत आवरतो. कागद ३०० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला), सुती असेल तर उत्तम. एवढ्या लहान तुकड्याला चारही बाजूंनी मास्किंग टेप लावली की पुरतं, भिजवून ताणायचं काम उरत नाही. ब्रश तीन : एक मोठा चपटा, एक टोकदार गोल १० किंवा १२ नंबरचा, एक बारीक. पाण्याची भांडी दोन, धुवायचं वेगळं आणि रंग कालवायचं वेगळं. जुनी सुती फडकी भरपूर न्या.

रानफूल :
डास असतील तर लावायचं मलम जपून वापरा. डीट असलेली औषधं काही प्लॅस्टिक विरघळवतात. माझ्या पॅलेटवर बोटांचे ठसे कायमचे उमटले, चष्म्याची काचही खराब झाली. लावलं की हात पुसून मगच सामानाला हात लावा. रंगाचं पाणी ओढ्यात ओतू नका ही हात जोडून विनंती. कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग असतात त्यात. बाटलीत भरून परत आणा.

चौकटकर :
परत आल्यावर चित्रं मढवताना काच थेट कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. माउंट बोर्ड आम्लविरहित घ्या, नाहीतर काही वर्षांत कडेने पिवळी रेघ उमटते. विकायची असतील तर अलिझरिन क्रिमसन वापरू नका, तो उजेडात उडतो.

निळीसावली :
चौकटकर, आभार, पण मढवायचं मी विचारलं नव्हतं. अजून एकही चित्र झालेलं नाही.

शिसपेन्सिल :
ताई, सगळं वाचलं. तुम्ही याआधी बाहेर बसून किती चित्रं काढली आहेत? प्रश्न आगाऊ वाटला तर माफ करा, पण १४ किलोंची बॅग भरणारा माणूस सामानाला नाही, दुसऱ्याच कशाला तरी घाबरलेला असतो.

निळीसावली :
एक. सहा वर्षं फोटोवरूनच काढतेय. मागच्या वर्षी एकदा बागेत बसले होते. तीन तास काढलं, दर अर्ध्या तासाला सावल्या बदलत गेल्या आणि मी त्या बदलत गेले. घरी आणलं तर सगळं चित्र काळवंडलेलं, चिखलासारखं. फाडून टाकलं. पुन्हा बाहेर बसायचं धाडस झालं नाही. शिबिरात वीस जण असतील आणि सगळे बघतील. हे लिहायचं नव्हतं.

शिसपेन्सिल :
लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण दोन्ही गोष्टींना कारणं आहेत आणि दोन्ही सुटतात.

काळवंडल्याचं कारण : कागदावर थेट ऊन होतं, बरोबर? उन्हात पांढरा कागद इतका लखलखतो की लावलेला प्रत्येक रंग फिका वाटतो. मग आपण गडद करत जातो, आणि घरातल्या उजेडात तेच चित्र काळं दिसतं. कागद आणि पॅलेट दोन्ही सावलीतच हवेत, एक उन्हात आणि एक सावलीत असंही चालणार नाही. छत्री लावाल तर पांढरी किंवा करडी, लाल-निळी छत्री कागदावर रंग पाडते. गॉगल काढून ठेवा.

सावल्यांचं : सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्याच्यामागे धावून कुणाचंच चित्र पुरं होत नाही. फ्रेंच चित्रकार मोने गवताच्या गंजी रंगवत होता (१८९०-९१) तेव्हा बरेच कॅनव्हास सोबत ठेवायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. आपण एवढं करायचं : बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तळहाताएवढं पेन्सिलचं रेखाटन, फक्त तीन टोन, उजळ-मधला-गडद. सावल्या त्यात पक्क्या करायच्या. नंतर समोर काहीही होवो, चित्र त्या रेखाटनावरून. दोन तास झाले की उठायचं.

तैलवेडा :
हे तैलरंगालाही तंतोतंत लागू आहे. मी वर नुसतं सामानच सांगत बसलो. फोटोही काढून ठेवा, उरलेलं घरी पुरं करता येतं.

शिसपेन्सिल :
फोटोला माझा विरोध आहे, निदान शिबिराचे पाच दिवस. फोटोत सावल्या काळ्या ठिक्कर येतात, डोळ्यांना त्यांच्यात निळं-जांभळं दिसतं. तेच बघायला तर जायचं.

पायवाट :
इतकं कडक कशाला? आठवणीपुरता एक फोटो असू द्या. आणि कीटक बसला चित्रावर तर हळूच फुंकर मारा. व्हॅन गॉगच्या १८८९ च्या ऑलिव्हच्या झाडांच्या चित्रात एक नाकतोडा रंगात रुतलेला २०१७ मध्ये सापडला.

ओला_कागद :
सहा दिवस आहेत ना? उद्या सकाळी घराबाहेर बसा. शिबिराला नेणार तेवढंच सामान घेऊन. जे लागलं नाही ते बॅगेत परत ठेवू नका.

निळीसावली :
आज सकाळी बसले. सात वाजता, सावलीत, साडेसात×११ चा कागद. समोर एक झाड, एक भिंत. आधी तळहाताएवढं रेखाटन. भिंतीवरची सावली साडेआठला पार सरकली होती, मी रेखाटनातलीच ठेवली. हात थरथरत होता पण पावणेदोन तासांत झालं. घरात आणून बघितलं, काळवंडलेलं नाही! उलट आभाळ जास्तच फिकं सुकलंय. भिंतीची सावली चक्क जांभळी दिसली मला, सहा वर्षांत पहिल्यांदा.

बॅग आता साडेपाच किलो. तिकाटणं, मोठा बोर्ड, सतरा ब्रश बाहेर काढले. पाण्याची मात्र अडचण झाली, अर्धा लिटर नेलं होतं, तासाभरात गढूळ. चढावर किती पाणी वाहून न्यायचं?

ओला_कागद :
एक लिटर, फक्त रंगासाठी. प्यायचं वेगळं. आणि आभाळ सुकल्यावर फिकं होतंच, ओलं असताना एक टोन गडद लावा.