मदत हवी आहे: ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना (पहिल्यांदा वीज देताना) जनरेटर मान टाकतो

ओढ्यावरच्या छोट्या जलविद्युत संचावरून तीन वस्त्यांना वीज देतोय. जनरेटर ४० केव्हीए (केव्हीए म्हणजे क्षमतेचं माप), ४१५ व्होल्ट, थ्री फेज. त्याला ११ केव्हीचा (११ हजार व्होल्टचा) ६३ केव्हीए डिस्ट्रिब्यूशन ट्रान्सफॉर्मर उलटा, म्हणजे व्होल्टेज चढवायला जोडलाय, आणि प्रत्येक वस्तीवर ते उतरवायला २५ केव्हीएचा एकेक. म्हणजे ४० च्या जिवावर १३८ केव्हीए! (पुढे लोड वाढेल म्हणून मोठाच घेतला. चूक माझीच.)

व्होल्टेज पूर्ण आणून ब्रेकर टाकला की ट्रान्सफॉर्मर घुमतो, पॉवरहाउसमधला बल्ब लालसर होतो, व्होल्टमीटरचा काटा २५० च्या खाली येतो आणि ब्रेकर उडतो. वस्त्यांवरचे सगळे फ्यूज काढून पाहिले, तरी तेच. म्हणजे दोष लोडचा नाही, इनरश करंटचा (ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर ओढतो त्या मोठ्या करंटचा). ६३ केव्हीएचा फुल लोड करंटच ८४ अँपिअर. क्षणभर त्याच्या आठ-दहा पट ओढला तर जेमतेम ५५ अँपिअरचा जनरेटर काय करणार? त्यात एलव्ही (कमी व्होल्टेजचं) वाइंडिंग गाभ्यालगत, त्यामुळे त्या बाजूने झटका आणखी मोठा.

विचार असा आहे: ब्रेकर आधीच टाकून ठेवायचा, टर्बाइन फिरवायचं आणि व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढवायचं. पण एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारं यंत्र) सेल्फ एक्सायटेड आहे, म्हणजे जनरेटरच्याच विजेवर चालतो. ट्रान्सफॉर्मर जोडलेला असताना नुसत्या रेसिड्युअल व्होल्टेजवर (उरलेल्या चुंबकत्वातून मिळणाऱ्या थोड्याशा व्होल्टेजवर) बिल्ड-अप होईल का, म्हणजे व्होल्टेज चढेल का? की बाहेरून बॅटरी द्यावी लागेल? प्रत्यक्ष कोणी केलंय का?

आणखी एक. ११ केव्हीची बाजू डेल्टा (त्रिकोणी जोडणी) आहे, जमिनीला जोडायला न्यूट्रल नाही. तार तुटून जमिनीवर पडली तर रिलेला (दोष ओळखून ब्रेकर उडवणाऱ्या यंत्राला) कळणार कसं? अर्थिंग ट्रान्सफॉर्मर (कृत्रिम न्यूट्रल देणारा) लावावा, की ओपन डेल्टा पीटीवर (तिन्ही फेजच्या व्होल्टेजमधला असमतोल दाखवणाऱ्या मापन-ट्रान्सफॉर्मरवर) भागेल?