शब्दचर्चा : 'फ्यूजन'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : हिंदी चित्रपटगीतांत सतारीशेजारी सॅक्सोफोन, ढोलकच्या जोडीला बोंगो, असं सर्रास ऐकू येतं. याला सगळे 'फ्यूजन' म्हणतात. 'मिश्रसंगीत' चालेल का?

प्रतिसाद १ : 'मिश्र' नको. तो शब्द आधीच कामाला लागलेला आहे. मिश्र पिलू, मिश्र खमाज म्हटलं की एका रागात दुसऱ्या रागाची छटा, एवढाच अर्थ डोक्यात येतो. पण माझी खरी हरकत 'फ्यूजन'लाच आहे. फ्यूजनमध्ये दोन परंपरा समोरासमोर बसतात आणि दोघींची ओळख शाबूत राहते. शंकर-जयकिशन यांची १९६८ ची 'रागा जॅझ स्टाइल' ही तबकडी ऐका. रईस खाँ यांची सतार राग मांडते, जॅझची वाद्यं तिला उत्तर देतात. तिला खुशाल फ्यूजन म्हणा. तीही फिल्मी नाहीच!

चित्रपटात मामला वेगळा. 'नागिन' (१९५४) मधली ती प्रसिद्ध बीन मुळात बीनच नव्हे. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या की-बोर्डवर ती वाजवली, सोबत रवी यांची हार्मोनियम. परदेशी वाद्य गारुड्याचं सोंग घेऊन आलं आणि कुणाला परकं वाटलंही नाही.

प्रतिसाद २ : पण 'अलबेला' (१९५१) मधल्या 'शोला जो भडके'तला बोंगो कुठे सोंग घेतो? सी. रामचंद्रांनी तो उघडउघड मिरवलाय.

प्रतिसाद १ : मान्य, मिरवलाय. तरी गाणं मुखडा-अंतऱ्याच्या वाटेनेच जातं ना? बोंगो त्या चालीच्या चाकरीत आहे. म्हणून मी 'संयोजन' म्हणेन. नवा शब्द घडवायला नको, अनिल मोहिले यांच्या नावापुढे 'संगीत संयोजक' लागतच असे. स्टुडिओत त्याला अरेंजर म्हणत. सेबॅस्टियन डिसूझांसारखे गोव्याचे अरेंजर स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत, 'पीसेस' (गाण्याच्या ओळींमधले वाद्यांचे तुकडे) लिहून काढत, आणि पाश्चात्त्य रंग भरायला सगळ्यात मोठी जागा मिळे ती या पीसेसमध्येच.

प्रतिसाद ३ : आणि रिदमला 'ठेका' म्हणावं का? तबल्यात ठेक्याला तालाचे ठरलेले बोल लागतात.

प्रतिसाद १ : वादक म्हणतातच की. दत्ताराम यांच्या ढोलक वाजवण्याच्या खास ढंगाला 'दत्तू ठेका' म्हणतात. तबलजींनी नाक मुरडलं तरी तो आता रुळलाय.