मॅगट म्हणजे अळी, किडा की आसडी?

भाचा नाशिकला त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत फौजदारकीचं प्रशिक्षण घेतोय. त्याच्या एका इंग्रजी टिपणाचं मराठी करतेय. मृतदेहावरच्या कीटकांवरून मृत्यूचा काळ कसा काढतात, असा विषय. 'मॅगट'ला काय लिहू? 'मृतदेहात किडे पडले होते' असं लिहिलंय, पण खटकतंय.

— ताई, किडा नकोच. त्यात झुरळही येतं. आपल्या द्राक्षवाल्यांना अंडी, अळी, कोष, पतंग हा क्रम पाठ असतो. तोच घ्या, पतंगाच्या जागी माशी. आणि 'पडले' काढा. पडायला ते काय आभाळातून आले? इटलीत रेडी नावाच्या वैद्याने 1668 मध्येच दाखवलं की मांसावर जाळीचं कापड बांधलं, माशी बसू दिली नाही, तर अळ्या होत नाहीत. इथे सगळा हिशोब माशीने अंडी घातली तिथून सुरू होतो आणि 'पडले' म्हटलं की नेमकी माशीच गायब.

— निफाडकडे बैलाच्या जखमेत होते ती आसडी. हा शब्द वाया घालवू नका. माणसाच्या चिघळलेल्या जखमेतही जिवंतपणी अळ्या होतात. तसं असेल तर अळीचं वय मृत्यूनंतरच्या काळापेक्षा जास्त भरणार आणि तपास चुकणार. जिवंत जखमेत आसडी, प्रेतावर अळी, असा फरक ठेवा.

फरक आवडला. विदर्भातल्या मुलांसाठी पहिल्यांदा अर्थ देईन. आणि शीर्षकात 'मृत्यूची वेळ' बरोबर ना?

— नाही. वेळ म्हणजे सव्वाचार. अळी फक्त स्वतःचं वय सांगते, तेही तापमान माहीत असेल तर. निफाडच्या जानेवारीत ती रखडते, एप्रिलमध्ये भराभर वाढते. प्रेत गुंडाळलेलं असेल, खोली बंद असेल तर माशी उशिरा पोचते. रात्री तर या माश्या सहसा अंडी घालतच नाहीत. म्हणून 'मृत्यूनंतरचा किमान काळ'. लांबलचक आहे, पण 'किमान' गाळू नका, बचावाचा वकील तिथेच धरेल.

— 'कोष'लाही जपा. वाचणारा रेशमासारखे धागे शोधेल. माशीचा कोष म्हणजे अळीचीच कडक झालेली कातडी, तपकिरी, गव्हाच्या दाण्याएवढी. पूर्ण वाढलेली अळी बहुधा प्रेतापासून दूर सरकून मातीत शिरते, त्यामुळे आजूबाजूची मातीही चाळावी लागते.

मग माशी उडून गेल्यावर उरतं त्याला 'टरफल' चालेल?

— चालेल. नुसतं टरफल म्हटलं तर पोरं शेंगदाण्याचं समजतील, 'कोषाचं टरफल' लिहा.