मदत हवी आहे: भात पिवळा पडतोय आणि तणही वाढलंय, आधी युरिया की आधी तणनाशक?

बांधावरून
लावणीला आज 24 दिवस झाले. क्षेत्र 1 एकर, वाण पेरणीपासून 130 दिवसांचा, लावणीच्या वेळी रोपं 25 दिवसांची. चिखलणीत 50 किलो डीएपी दिलं, बाकी खत शून्य. सहाव्या दिवशी प्रेटिलाक्लोर 50 ईसी हे तणनाशक 400 मिली वाळूत मिसळून फेकलं.
सध्या उंचवट्यावर सावा आणि लव्हाळा 3-4 पानांवर आहेत, बांधाकडेने माका. सखल भागात भात पिवळट आणि खुंटलेला, तोही सलग नाही, पट्ट्यापट्ट्यांत. खालच्या पानांवर तांबूस डाग आहेत. पाणी 8-10 सेंमी उभं आहे. हाताशी 45 किलो युरिया आणि बिस्पायरिबॅक सोडियम 10 एससी या तणनाशकाची 100 मिलीची बाटली.
आधी काय करू? दोन्ही एकाच पंपातून चालतील का? आणि प्रेटिलाक्लोर का फसलं?

पोटरी
पिवळा म्हणजे नत्र कमी. आजच युरिया फेका, तणाचं नंतर बघता येईल.

चिखलणी
@पोटरी, असं करू नका. 8-10 सेंमी पाण्यात फेकलेला युरिया बराचसा हवेत जातो. युरियापासून अमोनिया बनतो, दिवसा शेवाळामुळे पाण्याचा सामू चढतो आणि तो अमोनिया वायू होऊन उडतो. जो उरतो त्यावर सावा भाताच्या आधी ताव मारतो.
शिवाय हा पिवळेपणा नत्राचा वाटत नाही. नत्र कमी असेल तर जुनी पानं टोकाकडून सारखी फिकट होतात, तांबूस डाग पडत नाहीत आणि पिवळेपणा बहुधा शेतभर दिसतो. खुंटलेले पट्टे आणि तांबूस डाग, तेही लावणीनंतर 2 ते 4 आठवड्यांत, म्हणजे पहिला संशय जस्तावर. स्फुरद भरपूर आणि पाणी सतत साचलेलं असलं की जस्त पिकाला आणखी कमी मिळतं. पिवळ्या पट्ट्यातला एक चूड उपटून मुळं बघा, आणि नव्या पानाच्या मधल्या शिरेचा बुडखा कसा आहे तेही सांगा.

बांधावरून
मुळं पांढरट-तपकिरी आहेत, काळी नाहीत, वास नाही. नव्या पानांची शीर बुडख्याशी पांढुरकी आहे.

चिखलणी
मग जस्तच. मुळं काळी असती आणि कुजक्या अंड्यांचा वास आला असता तर आधी पाणी काढून जमीन श्वास घेईल असं करावं लागलं असतं. तेवढं पाणी तुम्हाला तणनाशकासाठी काढावं लागणारच आहे.
क्रम असा ठेवा. आज संध्याकाळी पाणी काढा. तण पूर्ण उघडं पडलं पाहिजे, बुडालेल्या पानावर बिस्पायरिबॅकचा उपयोग नाही. उद्या 100 मिली एकरभर फवारा, नंतर किमान 6 तास पाऊस नको. फवारणीनंतर 48 ते 72 तासांत पाणी परत घ्यायचं आहे. त्याच्या लगेच आधी, खाचर ओलं पण पाणी नसलेलं असताना, युरिया फेका आणि मग 3-5 सेंमी पाणी भरा. पाण्याबरोबर युरिया मातीत उतरतो. तोवर तणाची वाढ थांबलेली असते, त्यामुळे खत भाताला मिळतं. पुढचे 5-7 दिवस पाणी हलू देऊ नका.
युरिया आणि तणनाशक एका पंपात नको.
आणखी एक: दोन दिवसांत तण मेलं नाही म्हणून घाबरून दुसरा हात देऊ नका. हे औषध आधी वाढ रोखतं, आठ-दहा दिवसांत तण पिवळं पडतं, मरायला 2-3 आठवडे लागतात. भातावरही थोडी पिवळसर झाक येते, ती जाते.

शेतवही
खताचा हिशेब. एकरी 40:20:20 किलो (नत्र, स्फुरद, पालाश) धरला तर 50 किलो डीएपीतून 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद मिळालं. स्फुरद पूर्ण झालं. आता वरून डीएपी देऊ नका, ते जागचं हलत नाही. नत्र 31 किलो बाकी, म्हणजे युरिया 67 किलो: आत्ता 40, लोंबी धरायच्या वेळी 27. तुमची एक पिशवी पुरणार नाही. पालाश तर दिलंच नाही. म्युरेट ऑफ पोटॅश 33 किलो, अर्धं आत्ता युरियासोबत, अर्धं दुसऱ्या हप्त्याला.
जस्तासाठी तणनाशकानंतर 5-6 दिवसांनी फक्त पिवळ्या पट्ट्यांवर फवारणी करा. 15 लिटर पंपाला 75 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 37 ग्रॅम चुना. चुना रात्री भिजवून वरची निवळी गाळून घ्या, नाहीतर नोझल बंद. आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी. पुढच्या हंगामात चिखलणीत एकरी 10 किलो झिंक सल्फेट टाका, पण स्फुरदयुक्त खतात मिसळून नाही.

चिखलणी
प्रेटिलाक्लोरचं राहिलं. ते उगवत्या तणाचं औषध आहे, उगवलेल्याचं नाही. 50 ईसी एकरी 600 मिली, लावणीनंतर 3 दिवसांच्या आत, तेही पातळ साचलेल्या पाण्यात. तुमचे दिवस उशिरा, मात्रा कमी, आणि उंचवटा बहुधा उघडाच राहिला. तण नेमकं तिथेच आहे, बघा. चिखलणीत फळी नीट फिरून जमीन सपाट झाली नाही की कुठलंही औषध असंच फसतं.

बांधावरून
सावा आणि भात अजून सारखेच दिसतात. हाताने काढताना कसं ओळखू? आणि 100 मिली किती पंपांत?

शेतवही
पान जिथे खोडाला मिळतं तिथे बघा. भाताला पांढरी पातळ जीभ आणि केसाळ कान असतात, साव्याला दोन्ही नसतात.
पंपाचं: 1 गुंठ्यावर साध्या पाण्याने नेहमीच्या चालीने फवारा आणि किती लागलं ते मोजा. 3 लिटर लागलं तर एकराला 120 लिटर, म्हणजे 8 पंप, प्रत्येकी 12.5 मिली. फ्लॅट फॅन नोझल वापरा, एकाच जागी दोनदा जाऊ नका.

लोंबी
तणात लेप्टोक्लोआ नावाचं गवत आहे का तेही बघून घ्या, बिस्पायरिबॅक त्यावर कमजोर आहे. असेल तर सायहॅलोफॉप-ब्युटाइल हे गवतावरचं तणनाशक वेगळं मारावं लागेल, आणि ते 2,4-डी या रुंद पानांच्या तणावरच्या औषधासोबत मिसळायचं नाही, गवतावरचा असर घटतो.
दुसऱ्या हप्त्याची तारीख कॅलेंडरवर ठरवू नका. तुमच्या वाणाला लावणीनंतर साधारण 40-45 दिवसांनी लोंबी धरायला लागेल. मुख्य फुटवा बुडख्यापासून उभा चिरा. आत 1-2 मिमीचा पांढरा, पिसासारखा कोंब दिसला की त्याच आठवड्यात उरलेला युरिया आणि पोटॅश द्या. पोटरीपर्यंत, म्हणजे लोंबी खोडात फुगेपर्यंत, थांबलात तर दाण्यांची संख्या वाढायची वेळ निघून गेलेली असते.