मुलासाठी दोन अक्षरी, जरा वेगळं नाव सुचवा ना (कुठून आलं ते माहीत असेल तरच)

वारजेची नवी आई:
नमस्कार मंडळी. बाळ नऊ दिवसांचं झालं, बारसं तीन दिवसांवर आलंय आणि नाव अजून ठरेना. आमचं आडनाव पाच अक्षरी, त्यात दोन जोडाक्षरं, म्हणून नाव दोनच अक्षरी हवं. वेद, नील, ओम नको, आमच्याच सोसायटीत तीन वेद आहेत, खाली एकाला हाक मारली की तिघं वर बघतात. नक्षत्र स्वाती, म्हणजे रू रे रो ता, सासूबाईंना त्यातलं अक्षर आलं तर आवडेल पण त्या अडून बसलेल्या नाहीत. कालनिर्णयच्या मागच्या पानावर बावीस नावं लिहिली, एकोणीस खोडली, उरली ऋभु, हाल आणि अज. मोबाइलवरच्या अॅपमध्ये दर दुसऱ्या नावाचा अर्थ 'सूर्याचा किरण' नाहीतर 'विष्णूचं नाव', विश्वासच बसत नाही. मोठा झाल्यावर त्याने विचारलं तर मला खरं सांगता आलं पाहिजे.

संस्कृतच्या बाई, कर्वेनगर:
अभिनंदन गं! ऋभू घे, डोळे मिटून घे. ऋग्वेदातले हे तीन भाऊ, ऋभू, विभ्वा आणि वाज. जन्माने देव नव्हेत, माणसंच, पण हातात अशी कला की त्या कसबावर देवपण मिळवलं. अश्विनांचा रथ त्यांनी घडवला, इंद्राचे घोडे घडवले, देवांचा कारागीर त्वष्टा, त्याने केलेल्या एका चमसाचे, म्हणजे सोमरस प्यायच्या पेल्याचे, चार केले, आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे म्हाताऱ्या आईवडलांना पुन्हा तरुण केलं. (वाज पण दोन अक्षरीच, पण मराठीत ते घंटेला सांगितल्यासारखं वाटतं.) आपण ऋ चा उच्चार रु करतो, तेव्हा सासूबाईंचं अक्षरही आलं. फक्त इंग्रजी स्पेलिंग आत्ताच ठरव, आर नंतर यू की आय, उत्तरेकडचे लोक रिभू म्हणणार, आणि दाखला, आधार, पासपोर्ट सगळीकडे एकच हवं.

सदाशिव पेठेतला काका:
हाल बघून भरून आलं हो. सातवाहनांचा राजा, आपल्या पैठणचा, गाथासप्तशती त्याच्याच नावावर आहे, सातशे गाथा आणि त्याही महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पणजीच्या भाषेत. शेतं, पाऊस, नदीकाठ, गावातल्या बायाबापड्या, सगळं त्यात आहे. पण ताई, नाव ठेवू नका. वर्गात रोज कुणीतरी 'काय रे हाल, काय तुझे हाल' म्हणणारच, आणि एवढ्या मोठ्या राजाचं नाव पोराला नकोसं होईल. भासचंही तेच. केवढा नाटककार, तेरा नाटकं त्याची म्हणून गणपतिशास्त्रींनी १९१२ पासून त्रिवेंद्रमला छापली, पण आपल्याकडे भास 'होतो'. कच म्हणावं तर लोक 'कच खाल्ली' म्हणतील. अज रघूचा मुलगा, दशरथाचा बाप, अर्थ न जन्मलेला, छानच, पण अज म्हणजे बोकडसुद्धा, आणि हाक मारताना त्याचा अज्या होणार, मग अजय आणि अज यात फरक काय राहिला? अर्थ बघायचा तर आपट्यांचा संस्कृत कोश आणि चित्रावशास्त्रींचा प्राचीन चरित्रकोश बघा, दोघंही आपल्या पुण्यातलेच.

दोन पोरांचा बाबा:
रू वरून अजून एक, रुरू. महाभारतात आदिपर्वात आहे, च्यवनाचा नातू. त्याची प्रमद्वरा लग्नाआधीच साप चावून गेली, तर त्याने स्वतःचं अर्धं आयुष्य तिला दिलं आणि ती उठून बसली. रुरू म्हणजे हरणाची एक जातही. आणि घाई करू नका हो! जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, पण नावाची जागा रिकामी ठेवता येते, वर्षभरात नाव फुकट घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत उशिराची फी भरून. आम्ही थोरल्याच्या वेळी घाईत स्पेलिंग चुकवलं, ते दुरुस्त करायला चार महिने चकरा मारल्या.

वारजेची नवी आई:
सगळ्यांचे खूप खूप आभार. रुरूची गोष्ट वाचून रडूच आलं, पण घरच्यांना नाव फार लाडाचं वाटलं. मग गॅलरीत उभं राहून पाच-सहा वेळा ऋभु म्हणून जोरात हाक मारली, यांनी खाली पार्किंगमधून ऐकलं, म्हणाले स्पष्ट येतंय. माझे सासरे छत्तीस वर्षं भोसरीला टूलरूममध्ये होते, रिटायर होऊन दोन वर्षं झाली. त्यांना बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं, रथाचं, चमसाचं, तर बाळाची मूठ हातात घेऊन बराच वेळ बोटं बघत बसले, मग म्हणाले, "म्हणजे हे आपल्यातलेच की." आता पाळण्यावर थर्माकोलची अक्षरं लावायचीत, तेवढं एक सांगा बाई, भु ऱ्हस्व की दीर्घ?

संस्कृतच्या बाई, कर्वेनगर:
दीर्घ गं. संस्कृतात ऱ्हस्व, पण मराठीत शेवटचा उकार दीर्घ, गुरू, विष्णू, तसा ऋभू. आणि घुगऱ्या जास्त कर, मी कर्वेनगरातच आहे.