व्हेंडरचे मार्क कापता, तुमचे कोण कापणार?

भोसरी_शेड: 'सोर्सिंगवाला' यांनी काल लिहिलं, "व्हेंडर रेटिंग ८० खाली गेलं की नवीन पार्ट बंद. आकडे खोटं बोलत नाहीत." अहो, पण आम्हा पुरवठादारांचे हे मार्क भरतं कोण? माझा टेम्पो सकाळी नऊला चाकणच्या गेटवर. टोकन घेऊन दुपारपर्यंत उभा. इन्स्पेक्शनवाला रजेवर, म्हणून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, दुसऱ्या दिवशी. सिस्टीममध्ये लेट कोण? मी! वर तुमचं पीपीएम, म्हणजे दहा लाखांमागे बाद नग. महिन्याला २०० नग, एक बाद, झाले ५०००. दोन लाख नगांत शंभर बाद देणाऱ्याचे ५००. तो हिरवा, मी लाल.

सोर्सिंगवाला: गेट एंट्रीची वेळ धरावी, मान्य. बाकी रडगाणं. भोसरीला गुरुवारी सुट्टी असते हे तुम्हाला बुधवारी संध्याकाळी आठवतं! लाइन थांबली की प्लँट हेड शिव्या मला घालतो. तुमचा फोन तेव्हा स्विच ऑफ.

गेज_ताई: मी क्वालिटीत आहे. वाहन उद्योगाचं क्वालिटीचं मानक, आयएटीएफ १६९४९, प्रीमियम फ्रेटसुद्धा, म्हणजे घाईने जादा भाडं देऊन आणलेला माल, मोजायला सांगतं. आमच्या तक्त्यात तो रकाना कायम शून्य. भरला तर महिन्याच्या विसाव्या तारखेला मागणीचं शेड्यूल दुप्पट कुणी केलं ते दिसेल ना!

भोसरी_शेड: ताई, बोललात! आणि पेमेंटचं रेटिंग कुठाय? ९० दिवस थकवायचं आणि मार्क आमचे कापायचे?

हिशेबनीस: कायदा आहे की. मायक्रो-स्मॉल, म्हणजे लहान उद्योगांचं बिल लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. वर आयकराचं ४३बी(एच) कलम, १ एप्रिल २०२४ पासून आलेलं. मुदतीत दिलं नाही तर पैसे देईपर्यंत खर्चाची वजावट नाही.

भोसरी_शेड: व्याज आजवर कुणाला मिळालेलं मी तरी पाहिलं नाही. ते ४३बी आल्यावर एका गिऱ्हाइकाने मला चहा पाजून सांगितलं, 'उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) रद्द करून या, मग ऑर्डरचं बघू.'

सोर्सिंगवाला: मग थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. इथे कशाला ओरडता?

भोसरी_शेड: तक्रार केली की पुढच्या महिन्याचं शेड्यूल शून्य. पर्चेसला बसून सल्ले द्यायला काय जातंय!

सोर्सिंगवाला: पेमेंट फायनान्स सोडतं, मी नाही. माझीच प्रवासखर्चाची बिलं अडकलीत तिथे.

गेज_ताई: म्हणजे तुम्हीही लालच.

सोर्सिंगवाला: बरं बाई. पुढच्या व्हेंडर मीटला पेमेंटचा रकाना मागा, मी मागे बसून टाळ्या वाजवतो.

भोसरी_शेड: मागे का? माइक तुमच्याच हातात असतो.